तिसऱ्या साक्षीदाराची सही

उद्या सकाळी कुठं जायचंय म्हणालास? लग्नाच्या नोंदीची नक्कल काढायला? दोघं मिळून? जा की. पासपोर्ट हवा तर नक्कल हवीच. अर्ज द्याल, पावती घ्याल, चार खेपा घालाल, मिळेल. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काही तुला नव्यानं सांगायला नको. पण जायच्या आधी एक ऐकून जा. सूनबाई, तो मोठा दिवा मालव गं, डोळ्यांवर येतो. हं. आता बरं वाटतं.

मोतीभाऊ आठवतो ना तुला? माझा साडू रे, तुझ्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मोत्यासारखं अक्षर म्हणून मोतीभाऊ. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा अर्ज भरतानाच आठवायचं. तुम्ही उद्या जाणार त्याच कार्यालयात तो नकलनवीस होता. ही गोष्ट त्याच्या तोंडून मी तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा अक्षराचा फरक नाही. खोटं बोलणाऱ्याच्या गोष्टीला दर खेपेला नवं शेपूट फुटतं. याच्या गोष्टीला कधी फुटलं नाही.

नकलनवीसाचं काम काय, ते आधी समजून घे. लग्नाची मूळ नोंद जाड वहीत असते. नवरा-नवरीच्या सह्या, तीन साक्षीदारांच्या सह्या, खाली साहेबांची. ती वही तुमच्या हातात कुणी देत नाही. तुम्हाला मिळते ती नक्कल. संगणक आला होता त्यांच्याकडे, नाही असं नाही, पण कव्हर घालून कोपऱ्यात बसवलेला, आल्यागेल्याला दाखवण्यापुरता. त्यामुळं मोतीभाऊ हातानंच लिहायचा. लिहून झालं की रुजुवात, म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहायची. टेबलाच्या अलीकडे मोतीभाऊ, हातात नक्कल. पलीकडे तपासनीस, पुढ्यात मूळ वही उघडी. हा मोठ्यानं वाचणार, तो वहीतल्या ओळीवर बोट ठेवून ऐकणार.

तो तपासनीस म्हणजे एक वल्ली होती. तोंडातून शब्द काढायला जणू परवाना लागायचा. ओळ बरोबर असली की नुसतं ‘हं’. चुकली की लाल-निळ्या पेन्सिलीचं बूड टेबलावर टक. एकदा टक म्हणजे नक्कल चुकली, नीट लिही. दोनदा टक म्हणजे नकलेचं जाऊ दे, मुळातच काहीतरी राहिलंय, वही मिटू नकोस, बघतो. वीस-बावीस वर्षं दोघांचं हेच बोलणं. लोक पाठीमागं त्याला टकटकराव म्हणायचे. आणि चष्मा लावल्याशिवाय हा माणूस कशावर सही करायचा नाही, साध्या चहाच्या वर्गणीवरसुद्धा. सही केली की खाली दोन टिंबं द्यायचा. असा नाकासमोर चालणारा.

ज्या रात्रीची ही गोष्ट, तिच्या आदल्या पावसाळ्यात तो गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. पेन्सिल शर्टाच्या खिशात होती, ती तशीच ठेवून त्याला पोचवलं. नवा माणूस काही आला नाही. तेव्हापासून रुजुवात नावालाच उरली. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी न बघता सही ठोकायचा. मोतीभाऊ तरी काय करणार? पण सवय बघ, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं वही उघडून ठेवायचा आणि एकट्यानंच वाचायचा. लोक हसायचे.

आता ती रात्र. दोन हिवाळ्यांपूर्वीची. जानेवारीची सोळा तारीख, गुरुवार. ना अमावास्या ना पौर्णिमा. भुतांना तिथी लागते असं समजू नका, ते सगळं सिनेमात.

संध्याकाळी कार्यालय बंद व्हायला आलं आणि खिडकीशी एक बाई उभी राहिली. शाळेचे गणवेश शिवून देणारी. हाताला मापाची टेप गुंडाळलेली, तशीच उठून आलेली. मोतीभाऊनं ओळखलं तिला. महिनाभर खेपा घालत होती.

“भाऊ, वही आली का हो बांधणीहून?”

“आजच आलीय, ताई. सोमवारी या, करून देतो.”

“सोमवारी काय करू तिचं?” बाई म्हणाली. “उद्या अकराला कोर्टात तारीख आहे.”

आणि मग तिथंच, खिडकीची कड धरून, तिनं सगळं सांगितलं. नवरा ट्रक चालवायचा. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, पोरगी मागं राहिलेली. या बाईनं लग्न केलं तेव्हा पोर दोन वर्षांची. आज सहाची. आई म्हणते तिला, दुसरी आई तिनं पाहिलेलीच नाही. चार महिन्यांपूर्वी नवरा घाटात गेला, ट्रकसकट. तेरा दिवस होत नाहीत तोवर थोरला दीर दारात. म्हणे पोरगी आमच्या रक्ताची, तू कोण? घर पोरीच्या नावावर होतं ना. पोर ज्याच्याकडं, घर त्याच्याकडं. तेवढं साधं गणित.

“मला घर नको, भाऊ,” बाई म्हणाली. “घेऊन जा म्हणावं विटासुद्धा काढून. पण लग्न झालेलं सिद्ध नाही झालं तर कागदावर मी त्या पोरीची कोणीच लागत नाही. शेजारीणसुद्धा नाही. लग्नाचा दाखला हे आणतो, आणतो म्हणाले, आणलाच नाही कधी. साक्षीला होते ते दोघं ड्रायव्हर कुठल्या कुठं गेले.”

“पोरगी कुठाय?”

“बाहेर बाकावर. झोपलीय.”

मोतीभाऊनं मान वर करून पाहिलं. बाकावर दप्तर उशाशी घेऊन पोरगी झोपली होती. एका वेणीची रिबीन सुटलेली.

माझा साडू तसा मऊ मनाचा. म्हणाला, “सकाळी साडेनऊला या. साहेबांची सही-शिक्का घेऊन हातात देतो.”

बाई रडली नाही. नुसती म्हणाली, “पोरीला घेऊनच येते. तिला एकटं कुठं सोडत नाही मी आता.” आणि गेली.

सगळे घरी गेले. पहारेकऱ्याला सांगून मोतीभाऊ मागच्या अभिलेखांच्या खोलीत बसला. लांबट खोली, दोन्ही बाजूंना पत्र्याची कपाटं, मधे ते टेबल. टेबलावरचा दिवा लावला. वहीला नव्या बांधणीचा, खळीचा वास येत होता. पान काढलं. नवऱ्याची सही, वेडीवाकडी. नवरीची, ठसठशीत. पहिला साक्षीदार. दुसरा साक्षीदार. तिसऱ्याचं नाव, पत्ता… आणि पुढं सहीची जागा कोरी.

मोतीभाऊच्या पायाखालची जमीन सरकली. कारण नाव त्याच्याच अक्षरात होतं आणि ते तपासनीसाचं होतं.

त्याला झाडून सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वीची अशीच संध्याकाळ. तिसरा साक्षीदार आलाच नव्हता. ट्रकवाला हातापाया पडत होता, उद्या पहाटे गाडी लांबच्या खेपेला निघायची होती. तेव्हा तपासनीस कधी नव्हे ते आपण होऊन म्हणाला, “मी राहतो उभा.” राहिलाही. शपथ झाली, सगळ्यांच्या सह्या झाल्या, साहेबांना घरी जायची घाई, त्यांनी खाली सही ठोकली आणि म्हणाले, उरलेली घेऊन टाका. तपासनीस चष्मा आणायला आत गेला. तेवढ्यात मोतीभाऊनं घड्याळ बघितलं आणि वही मिटून कपाटात घातली.

तपासनीस चष्मा पुसत बाहेर आला. “वही?”

“अरे, उद्या कर सही. वही काय पळून जातेय?”

दुसऱ्या दिवशी सुट्टी. मग कामाची गर्दी. तपासनीसानं दोन-चारदा आठवण केली, “ती सही राहिलीय.” हा म्हणायचा, “हो रे, काढतो वही.” कपाटाची किल्ली याच्याकडं. मग ती वही वरच्या फळीवर गेली, पुढं शिवण सुटली म्हणून बांधणीला गेली, आणि वही यायच्या आधी माणूस गेला. इतकी साधी चूक. चूक कसली, आळस.

आता तूच सांग, तू काय केलं असतंस? कायद्याला तीन सह्या लागतात. दोन सह्यांची नक्कल म्हणजे लग्न पुरं झालेलंच नाही. आणि हा बघत बसलाय त्या कोऱ्या जागेकडं. बाकावरची पोरगी डोळ्यांसमोरून हलत नाही. मूळ वहीत खोटी सही करायची त्याची छाती झाली नाही, आयुष्यभर त्या वह्या जपलेल्या. पण नकलेत सही काढायची नसतेच. जिथं मुळात सही आहे तिथं नकलेत नुसतं ‘सही’ एवढं लिहायचं असतं. एक शब्द. तो म्हणाला, माणूस उभा होता हे तर खरं आहे! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग खोटं काय त्यात?

त्यानं नक्कल लिहिली. पहिल्या साक्षीदारापुढं ‘सही’. दुसऱ्यापुढं ‘सही’. तिसऱ्यापुढं हात जरा थांबला. मग तिथंही लिहिलं, ‘सही’.

आणि सवयीनं वही उचलून त्यानं पलीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढं उघडून ठेवली. नक्कल हातात घेतली. वाचायला लागला.

“नोंद क्रमांक…” वाचला.

“हं.”

“विवाहाचा दिनांक…”

“हं.”

“वराचं नाव, वय, व्यवसाय ट्रकचालक…”

“हं.”

तीन ओळी गेल्या तरी त्याच्या लक्षात आलं नाही. वीस-बावीस वर्षांची सवय रे. कानाला ते ‘हं’ अपेक्षितच होतं. चौथ्या ओळीला तोंड उघडलं… आणि तसंच राहिलं.

हं म्हणालं कोण?

समोर खुर्ची. रिकामी. दिव्याचा उजेड टेबलाच्या निम्म्यापर्यंत. पलीकडची निम्मी वही अंधारात.

त्याला वाटलं, भास. दमलोय. घसा खाकरला. उठावं असं मनात आलं. पण वाचायचं थांबलो तर… थांबलो तर काय होईल, याची त्याला वाचण्यापेक्षा जास्त भीती वाटली. म्हणून वाचलं. हळू.

“वधूचं नाव… वय…”

गप्प.

मग, अगदी जवळून,

“हं.”

“पहिला साक्षीदार. सही.”

“हं.”

“दुसरा… साक्षीदार. सही.”

“हं.”

मोतीभाऊच्या कपाळावरून घाम नकलेवर पडला. जानेवारीत. आता एकच ओळ राहिली होती. ती वाचली नाही तर? पण इतक्या वर्षांत रुजुवात अर्धी सोडली नव्हती कधी. आवाज फुटला तो पोरासारखा.

“तिसरा… साक्षीदार…”

नाव घेतलं.

“…सही.”

काही नाही.

खोलीत काही नाही. बाहेर काही नाही. पहारेकऱ्याचा रेडिओसुद्धा नाही…

टक. टक.

पलीकडून. वहीच्या बाजूनं.

चोराच्या मनात चांदणं! मोतीभाऊला एवढंच कळलं की पकडलो. खोटं लिहिलं आणि ज्याच्या नावानं लिहिलं त्यानंच पकडलं. झटकन पुढं वाकून त्यानं ती वही ओढली, मिटली, कपाटात कोंबली. कुलूप. किल्ली हातातून दोनदा पडली.

मागं वळला.

टक. टक.

आता… कपाटाच्या आतून.

पत्र्यावर. सावकाश. रागानं नाही रे… मोतीभाऊ मला म्हणाला, रागानं नाही. जसा तो नेहमी वाजवायचा, तसंच. वाट बघत.

टक. टक.

नक्कल छातीशी धरून हा धावला. दिवा तसाच. दार तसंच. फाटकाशी पहारेकरी शाल गुंडाळून उभा.

“निघालात? कुलूप लावू?”

“लाव.”

“आणि ते दुसरे साहेब? ते यायचेत ना अजून?”

“कोण… दुसरे?”

“मघापासून दोघांचा आवाज येत होता की.”

मोतीभाऊ घरी आला तो तोंडावरून पांघरूण ओढून पडला. माझ्या मेहुणीला वाटलं, ताप भरलाय.

सकाळी मात्र शब्द पाळला. उजाडल्यावर माणसाला धीर येतो, भीतीची लाज वाटते. रुजुवातीची सही शेजारच्या टेबलावरच्यानं केली, न बघता. साहेबांनी शिक्का मारला, न बघता. साडेनऊला बाई आली. पोरगी बरोबर, आज दोन्ही वेण्या घट्ट बांधलेल्या. बाईनं ती नक्कल दोन्ही हातांनी घेतली. म्हणाली, “भाऊ, तुमचे उपकार मी जन्मात फेडणार नाही.” मोतीभाऊ म्हणायचा, ते वाक्य मला रात्रीच्या टकटकीपेक्षा जास्त छळतं.

कोर्ट रस्त्यापलीकडंच. दुपारी तिकडून माणूस आला. मूळ वही घेऊन बोलावलंय.

दिराचा वकील कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं तिसऱ्या साक्षीदाराचं नाव वाचलं आणि बरोबर विचारलं, हा तर त्याच कार्यालयातला माणूस, आणि तोही मेलेला. वही मागवा. वही आली. मोतीभाऊनंच कपाट उघडलं, दिवसाउजेडी. न्यायाधीशांनी पान काढलं. तिसरी जागा कोरी. कोर्टातल्या झाडून सगळ्यांनी पाहिली.

“मुळात सही नाही. मग नकलेत कुठून आली?”

“मी लिहिलं, साहेब,” मोतीभाऊ म्हणाला. “तो माणूस खरंच उभा होता. यात बाईंचा काही दोष नाही.”

वकील हसला. “यांनी का लिहिलं असेल, साहेब? आपण होऊन? कुणाच्या सांगण्याशिवाय?”

झालं. बाई काल लग्न सिद्ध करता न आलेली विधवा होती. आज खोटे कागद बनवून आणणारी झाली. मग तिनं जे जे सांगितलं होतं ते सगळंच खोटं ठरलं. पोरीला वाढवलं तेसुद्धा. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे, आणि तिला ढकलणारा हात कुणाचा, तर मदत करणाऱ्याचा.

बाहेर तिचा वकील मोतीभाऊला म्हणाला, “अहो, दोन सह्यांची नक्कल जशीच्या तशी दिली असती ना, तर मी कार्यालयाची चूक म्हणून भांडलो असतो. मुदत मागितली असती. आता कशाच्या जोरावर भांडू?”

पोरीला त्याच दिवशी दिराच्या ताब्यात दिलं. जिन्यात. मोतीभाऊ तिथंच भिंतीला टेकून उभा होता, पाय निघेनात म्हणून. दिरानं पोरीचा हात धरला तेव्हा ती रडलीबिडली नाही, तिला कळलंच नव्हतं काही. दप्तर सावरत नुसतं विचारलं, “आई, तू कधी येणार?”

बाई म्हणाली, “उद्या.”

भाच्या, मोतीभाऊनं चार वर्षांपूर्वी हाच शब्द किती सहज उच्चारला होता. तो तिथंच खाली बसला.

बाईनं त्याच्याकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हाताला गुंडाळलेली टेप सोडली, परत गुंडाळली, आणि जिना उतरून गेली.

मोतीभाऊ निलंबित झाला. घरी कुणाशी बोलेना, जेवेना. मेहुणी घाबरली, म्हणाली, भाओजी, चार दिवस तुमच्याकडं न्या. मी आणला त्याला. याच खोलीत झोपायचा. तू बसलायस ना, तिथं. मी दाराशी. रात्र रात्र छताकडं बघायचा, मी त्याच्याकडं.

पुढच्या गुरुवारी वही कोर्टातून परत आली. वरून चौकशी यायची होती, म्हणून साहेबांनी ती त्याच खोलीत, त्याच टेबलावर, ते पान उघडून ठेवली. पानावर काचेचं वजन. खोलीला कुलूप, कुलपावर लाखेचं सील. पहारेकरी दाराशी. त्या रात्री मोतीभाऊ कुठं होता? इथं. माझ्या डोळ्यांसमोर. पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे मी, पण आता ऐकणार कोण.

शुक्रवारी सकाळी साहेबांचा फोन. आवाज ओळखू येईना. “त्यांना घेऊन या. लगेच.”

गेलो. सील साहेबांनी स्वतः तोडलं होतं, चौकशीवाल्यांसमोर. तुकडे अजून उंबऱ्यावर पडलेले. वही टेबलावर. वजन बाजूला सरकलेलं. वितीभर.

साहेबांनी नुसतं बोट दाखवलं.

पहिला साक्षीदार, सही. दुसरा साक्षीदार, सही. तिसरा साक्षीदार…

सही.

सरळ, न हललेल्या हाताची. चष्मा लावून करावी तशी. खाली दोन टिंबं.

मोतीभाऊ पानावर वाकला. मग अगदी हळू म्हणाला, मला ऐकू जावं इतकंच. “दोन होत्या रे.”

“काय दोन?”

“टकटक… दोन होत्या. एक नव्हती. एक असती तर माझी नक्कल चुकली होती. दोन म्हणजे वही मिटू नकोस. तो… सही करायला आला होता. आणि मी कुलूप लावलं. दुसऱ्यांदा.”

मी त्याला धरून बाहेर आणला.

तुम्हाला वाटेल, मग काय, सही झाली, बाईचं काम झालं. कुठलं रे! मेलेल्या माणसाची सही, तीसुद्धा कोर्टानं कोरी जागा बघितल्यानंतर. चौकशीवाल्यांनी शेरा मारला, मूळ नोंदीत फेरफार. ते पान कायमचं बाद. बाईनं वरच्या कोर्टात अर्ज केला, तो उभाच राहिला नाही. दिरानं घर विकलं आणि पोरीला घेऊन गाव सोडलं. कुठं गेले, कुणाला माहीत नाही. बाईचं मशीन अजून चालतं म्हणतात, शाळेच्या फाटकासमोरच. गणवेश शिवते. वर्षाला नव्या मापाचा एक जादा शिवते, सहाचा, सातचा, आठचा. अंदाजानं. न्यायला कोणी येत नाही.

मोतीभाऊ? तो गेला गेल्या वर्षी. शेवटी शेवटी घरातलं एक कपाट मिटू द्यायचा नाही.

नाही सूनबाई, भिऊ नकोस. तुमची नक्कल मिळेल नीट, तुमच्या तिन्ही सह्या मीच मोजल्या होत्या. पण एक सांगतो. परवा मी तिथं गेलो होतो, नव्या कारकुनाला म्हटलं, ती वही दाखव जरा. दाखवली त्यानं. त्या पानावर शाई टिपायचा टिपकागद घालून ठेवलाय. मी म्हटलं, हा कशाला आता? दोन वर्षं झाली की.

तो म्हणाला, दर आठवड्याला बदलावा लागतो.

मला खरं वाटेना. टिपकागद उचलला आणि दोन टिंबांवर बोट टेकवलं. हे बघ, हे बोट…

ती सही अजून वाळलेली नाही.